आजोळच्या कौलारू घरासाठी सुटे लेगो ब्रिक्स मागवायचेत, तर सुरुवात दुकानापासून करू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही खानापूर तालुक्यातले, नोकरीला बेळगावात, आजोळचं जांभ्या दगडाचं कौलारू घर पुढच्या वर्षी पाडून तिथं स्लॅबचं होणार आहे, आणि त्याआधी ते लेगो ब्रिक्समध्ये करून आज्जीच्या हातात द्यायचंय. स्टुडिओ या ब्रिक्सचं डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये डिझाइन झालंय, २,२०० च्या आसपास तुकडे, १४० प्रकार, ११ रंग. विचारलंय की सुटे तुकडे सगळ्यात स्वस्त कुठल्या दुकानात मिळतात, वापरलेले घेतले तर चालतील का, दुसऱ्या कंपनीचे चालतील का आणि परदेशातून मागवले तर कस्टम ड्यूटी किती बसते.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पॅटर्न आणि डायच्या, म्हणजे साच्यांच्या कामात बावीस वर्षं आहे, सुटे ब्रिक्स मागवून स्वतःची मॉडेल्स करायचा नाद दहा एक वर्षांचा. तेवढ्या अनुभवावर सांगतो, तुमचा खरा प्रॉब्लेम दुकान हा नाहीच. प्रॉब्लेम आहे तो १४० हा आकडा. २,२०० तुकडे हे काही फार नाहीत हो, पण १४० प्रकार म्हणजे एवढे सगळे एकाच दुकानात एकाच वेळी मिळणं जवळपास अशक्य, मग ऑर्डर पाच-सहा दुकानांत फुटते, प्रत्येकाचं वेगळं शिपिंग, प्रत्येकाची वेगळी किमान ऑर्डर, प्रत्येक पार्सलचं वेगळं कस्टम, आणि शेवटी ज्या तुकड्याची किंमत दोन रुपये होती तो हातात पडेपर्यंत पंधरा रुपयांचा झालेला असतो. इथं प्रकार म्हणजे आकार आणि रंग मिळून एक, बाजारात त्याला लॉट म्हणतात. लाल १×२, म्हणजे एक गुंडी रुंद आणि दोन गुंड्या लांब ब्रिक, हा एक लॉट, पांढरा १×२ हा दुसरा.

एक उदाहरण देतो, ते बघितलं की लगेच पटेल. मी बेळगावच्या किल्ल्यातलं जैन मंदिर, कमल बस्ती केली होती, १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली, तुम्ही बघितली असणारच. तिच्या छताला जे कमळ आहे त्याला ७२ पाकळ्या. मला वाटलं होतं हेच सगळ्यात महाग जाणार, पण ७२ पाकळ्या म्हणजे दाताच्या आकाराची १×१ प्लेट (प्लेट म्हणजे ब्रिकपेक्षा चपटा तुकडा), एकच रंग, एकच लॉट, एकाच दुकानात एका क्लिकमध्ये मिळाली. याउलट दाराशी एक छोटा दिवा आणि पायरीची नक्षी करायला मी नऊ प्रकारचे तुकडे वापरले होते, प्रत्येकी एक-दोन नग, आणि त्या नऊमधल्या तीन तुकड्यांसाठी मला तिसरं दुकान धरावं लागलं. सगळे मिळून वीस तुकडेसुद्धा नव्हते, पण शिपिंग पाकळ्यांपेक्षा जास्त. त्या दिवसापासून मी आधी लॉट मोजतो, तुकडे नंतर.

आता तुमच्या घराकडे येऊ. तुम्ही माप लिहिलंय ३० फूट बाय २४ फूट, भिंत १० फूट, स्केल कुठलं धरलंय ते लिहिलं नाही, पण तुम्ही टाकलेल्या डिझाइनच्या स्क्रीनशॉटवरून एक फूट बरोबर एक स्टड दिसतंय. तेच ठेवा, स्टड म्हणजे ब्रिकवरची ती गोल गुंडी. दोन स्टडमधलं अंतर ८ मिलिमीटर असतं, फूट ३०४.८, म्हणजे स्केल जवळपास १:३८ येतं आणि लेगोची छोटी मिनीफिगर माणसं त्यात बऱ्यापैकी शोभतात. आपल्याकडची जुनी घरं फुटात बांधलेली, गवंडी फुटात बोलतो, त्यामुळे हे स्केल धरलं की डोक्यात काही गुणाकार करावा लागत नाही. ब्रिकची उंची ९.६ मिलिमीटर, प्लेटची ३.२, तीन प्लेट म्हणजे एक ब्रिक. आणि सगळ्यात कामाचं गणित म्हणजे पाच ब्रिक एकावर एक ठेवले की ४८ मिलिमीटर होतात, म्हणजे बरोबर सहा स्टड, म्हणजे आपल्या स्केलला सहा फूट. सहा फुटी दार पाच ब्रिक उंच. दहा फुटी भिंत म्हणजे आठ ब्रिक आणि वर एक प्लेट, एक केसभरसुद्धा फरक नाही.

यावरून भिंतीचे तुकडे कागदावरच मोजता येतात. परिघ १०८ स्टड, कोपरे दोनदा मोजले जातात ते चार वजा करून १०४, १×२ ब्रिक धरला तर एका थराला ५२, आठ थर ४१६, दारं-खिडक्या वजा जाता साडेतीनशेच्या आसपास. हा एक लॉट, फार तर दोन. बघा, घराचा सगळ्यात मोठा भाग दोन लॉटमध्ये बसला, मग १३८ लॉट कुठं गेले? ते गेले सोप्यातल्या, म्हणजे पुढच्या ओसरीतल्या सामानात, चुलीत, गोठ्यात, तुळशी वृंदावनात, आणि सॉफ्टवेअरमध्ये हाताला जो तुकडा लागला तो लावण्यात. सॉफ्टवेअरला काही फरक पडत नाही, तिथं १×३ ओढला काय आणि १×२ अधिक १×१ ओढला काय, पण ऑर्डरला पडतो.

म्हणून मी डिझाइन झाल्यावर लगेच ऑर्डरला जात नाही, लॉटची यादी नगांच्या संख्येवर लावून खालून वर वाचत येतो. एक नग, दोन नग, तीन नग असलेले जे लॉट असतात त्यांना एकेक करून विचारायचं की तू नसलास तर काय बिघडेल. आणि पहिली कात्री आतल्या तुकड्यांना. भिंतीच्या आत, जोत्याच्या पोटात, छपराखाली जे दिसत नाही तिथं रंग कशाला बघायचा? तिथं घरात पडलेले मुलांचे लाल-निळे-पिवळे लावा की, नसतील तर बेळगावात खडेबाजार किंवा गणपत गल्लीत खेळण्यांच्या दुकानात लेगो क्लासिकचा खोका मिळाला तर बघा, ४८४ तुकड्यांचा आणि ७९० तुकड्यांचा असे दोन खोके येतात, त्यातले साधे ब्रिक पोटात भरायला उत्तम. तेवढे तुकडे परदेशातून आणायचे वाचले. नुसत्या या कात्रीनं माझ्या एका मॉडेलचे तीस लॉट गेले होते.

दुसरी कात्री मापांना. दिसत्या भागात १×१, १×२, १×४ एवढ्यावर भिंत उठते, १×३ आणि १×६ चा हट्ट सोडा. साधा १×२ ब्रिक म्हणजे तुकडा नंबर ३००४, १×१ म्हणजे ३००५, १×४ म्हणजे ३०१०, आणि २×४ म्हणजे ३००१, हे चार नंबर पाठ होऊन जातील. तिसरी कात्री रंगांना, आणि इथं जरा थांबून बोलतो, कारण सगळ्यात जास्त पैसे आणि मनस्ताप इथंच जातो.

एकाच रंगाला दोन-दोन नावं आहेत. लेगो कंपनी ज्याला मीडियम स्टोन ग्रे म्हणते त्याला ब्रिकलिंकवर, म्हणजे सुट्या तुकड्यांच्या ऑनलाइन बाजारात, लाइट ब्लूइश ग्रे म्हणतात, कंपनीचा ब्रिक यलो तो ब्रिकलिंकचा टॅन. त्यात २००४ च्या सुमाराला कंपनीनं करड्या रंगांची छटाच बदलली, जुना करडा किंचित पिवळट, नवा किंचित निळसर, आणि बाजारात दोन्ही विकायला आहेत, लाइट ग्रे आणि लाइट ब्लूइश ग्रे अशा जवळजवळ सारख्या नावांनी. कमल बस्तीच्या जोत्यासाठी मी ३८० प्लेट तीन दुकानांतून मागवल्या आणि एका दुकानात निवडताना मधला तो ‘ब्लूइश’ शब्द माझ्याकडून सुटला. पार्सलं आली तेव्हा रात्र होती, ट्यूबलाइटखाली सगळ्या पिशव्या फोडून स्टीलच्या परातीत ओतल्या, हातानं कालवल्या, सगळं एकसारखं दिसलं. सकाळी खिडकीपाशी परात नेली आणि तांदळात गहू मिसळावेत तशा दोन जाती वेगवेगळ्या दिसायला लागल्या. दोन संध्याकाळी निवडत बसलो. तेव्हा दोन गोष्टी धरून ठेवा, ऑर्डर करताना रंगाचं पूर्ण नाव अक्षर न् अक्षर वाचायचं, आणि वेगवेगळ्या दुकानांचा माल दिवसाच्या उजेडात शेजारी शेजारी ठेवून बघितल्याशिवाय एकत्र ओतायचा नाही.

तुमच्या भिंतीसाठी तुम्ही रेडिश ब्राउन धरलाय. जांभ्याला रंग जवळ जातो, खानापूरकडच्या पावसात भिजून काळवंडलेला चिरा असतो तसा, निवड चांगली आहे. पण यात एक मोठी अडचण आहे जी नवीन माणसाला कोणी सांगत नाही. रेडिश ब्राउन, डार्क रेड आणि डार्क ब्राउन या तीन रंगांचे काही वर्षांपूर्वीचे तुकडे ठिसूळ निघतात. साधा १×२ ब्रिक काढताना बाजूला चीर जाते, आणि क्लिपचे तुकडे तर दाबताक्षणी कट् करून हातात येतात. खिडकीचे गज बसवायला मी वापरलेल्या बारा क्लिप घेतल्या होत्या, त्यातल्या सात पहिल्याच दिवशी मोडल्या. अलीकडच्या मालात ही तक्रार फार कमी झालीय. म्हणून वापरलेले चालतील का याचं माझं उत्तर रंगावर अवलंबून आहे. काळा, टॅन, गडद करडा, साधे ब्रिक आणि प्लेट असतील तर वापरलेले बिनधास्त घ्या, फक्त विक्रेत्यानं ओरखडे, दातांचे व्रण याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. पांढरा आणि फिका करडा वापरलेला घेताना विचारून घ्या की पिवळा पडलाय का, हे प्लास्टिक एबीएस आहे, उन्हात राहिलं की पिवळं पडतं. आणि ते तीन तपकिरी-तांबडे मात्र नवेच घ्यायचे, स्वस्त मिळतात म्हणून भुलू नका. आज्जीच्या घरात ते मॉडेल कितीतरी वर्षं राहणार, तुम्ही पुन्हा उघडून दुरुस्त करत बसणार नाही.

भिंतीवर दगडाचा भास हवा असेल तर साध्या १×२ ऐवजी वीटकामाच्या रेषा असलेला १×२ ब्रिक मिळतो, नंबर ९८२८३. खरा चिरा सव्वा फुटाच्या आसपास लांब, आपल्या स्केलला तो सव्वा स्टड, तेव्हा अचूक जमणार नाही, पण डोळ्याला चालतं. मी सगळी भिंत त्याची करत नाही, चारात एक या प्रमाणात इकडे तिकडे पेरतो, म्हणजे जिथं गिलावा पडून दगड उघडा पडलाय असं वाटतं. मात्र डिझाइनमध्ये घालण्याआधी तो तुकडा तुमच्या रंगात खरोखर निघालाय का ते बघा. सॉफ्टवेअरमध्ये कुठलाही तुकडा कुठल्याही रंगात रंगवता येतो, कारखान्यात तसं नसतं, तिथं जो काढला नाही तो जगात नाही. स्टुडिओमध्ये उपलब्ध नसलेले रंग लपवायची सोय आहे ती चालू ठेवा, आणि शंका आली तर रिब्रिकेबल या साइटवर त्या नंबरखाली कुठकुठल्या रंगांत निघालाय ते दिसतं.

छपराचं तुम्ही विचारलं नाही, पण स्क्रीनशॉट बघून सांगावंसं वाटतं. तुम्ही ४५ अंशाचे उतरते तुकडे वापरलेत. ते प्रत्येक थराला एकच स्टड आत जातात, घर २४ स्टड रुंद म्हणजे आढ्यापर्यंत बारा थर, ११५ मिलिमीटर, खाली भिंत ८० चीच. छप्पर भिंतीच्या दीडपट उंच झालंय, घर चर्चसारखं दिसायला लागलंय. ३३ अंशाचे घ्या, नंबर ३२९७ आणि ३२९८, ते थराला दोन स्टड आत जातात, सहा थरांत आढं गाठतं, ५८ मिलिमीटरच्या आत, म्हणजे खऱ्या घराला सव्वासात फूट. आपल्याकडच्या कौलारू घराला हाच उतार शोभतो. तुकडेही केवढे कमी होतात बघा, वळचणीसकट ३२ स्टड लांबी धरली तर चार स्टड रुंदीचे आठ तुकडे एका थराला, सहा थर, दोन बाजू, ९६ तुकड्यांत छप्पर पुरं.

पण गुळगुळीत उतार कौलांसारखा दिसत नाही, पत्र्यासारखा दिसतो. मंगळूरी कौलाला खाच असते, सावली असते, आणि त्या भागात तर मातीचंच काम, कौलं आणि कुंभारकाम यासाठीच खानापूर ओळखलं जातं, तिथल्या आज्जीला पत्रा आणि कौल यातला फरक एका नजरेत कळणार. माझी पद्धत अशी की छपराचे दोन पाखे सपाट प्लेटचे करायचे, आढ्याशी बिजागरीच्या तुकड्यांवर कलते ठेवायचे आणि त्यावर जाळीच्या रेघा असलेली १×२ टाइल, म्हणजे वर गुंडी नसलेला चपटा तुकडा, बसवायची, नंबर २४१२, ओळ उताराच्या दिशेनं. उतरती लांबी १४ स्टड, रुंदी ३२, दोन पाखे म्हणजे ८९६ स्टड, साडेचारशे टाइल. ९६ च्या जागी साडेचारशे म्हटल्यावर दचकू नका, लॉट एकच आहे. एकाच दुकानात पाचशे नग असलेला विक्रेता शोधायचा आणि त्यालाच मुख्य दुकान धरायचं, कारण बाकीची यादी मग त्याच्याच दुकानातून जास्तीत जास्त भरायची. त्यात वीस-पंचवीस टाइल दुसऱ्या जवळच्या रंगाच्या टाका, नवी घातलेली कौलं दिसतात तशी. दर उन्हाळ्यात छप्पर परतणाऱ्या घरात सगळी कौलं एका रंगाची कधीच नसतात.

एवढं सगळं केलंत की १४० चे ५०-५५ लॉट होतील आणि ११ रंगांचे पाच, मग दुकानाचा प्रश्न निम्मा आपोआप सुटतो. ब्रिकलिंक हा मुळात हजारो छोट्या विक्रेत्यांचा बाजार आहे, २००० साली सुरू झाला, २०१९ मध्ये लेगो कंपनीनं विकत घेतला. ब्रिक आउल त्याच धर्तीचा दुसरा. स्टुडिओतून तुमची यादी थेट ब्रिकलिंकच्या वॉन्टेड लिस्टमध्ये चढवता येते, मग कुठल्या दुकानात यादीतले किती लॉट आहेत ते तो दाखवतो. तिथं आधी भारतात पाठवणारे विक्रेते एवढंच गाळून घ्या, बरेच जण पाठवत नाहीत. मग किंमत नंतर बघा, आधी बघा कोणाकडे सगळ्यात जास्त लॉट आहेत. दरासाठी मागच्या सहा महिन्यांत तो तुकडा सरासरी किती रुपयांना गेला ते तिथंच दिसतं, त्याच्या दीडपटीपर्यंत मी महाग घेतो जर त्यामुळे एक दुकान कमी होत असेल तर. काही दुकानांत किमान ऑर्डर असते, काही ठिकाणी लॉट फार आणि रक्कम कमी असेल तर जादा आकार लावतात, हे दुकानाच्या अटींच्या पानावर असतं, कार्टात भरण्याआधी वाचायचं. दोन दुकानं, फार तर तीन, त्यापुढे जायची वेळ आली तर परत डिझाइनकडे जा.

कस्टमबद्दल ठाम आकडा कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, कारण तुमच्या पार्सलला ड्यूटीच्या तक्त्यातलं कुठलं सदर लावलं यावर तो ठरतो. एवढं नक्की की खेळण्यांवरची मूळ आयात ड्यूटी २०२० च्या बजेटमध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७० टक्के, वर जीएसटी. आणि लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे ड्यूटी मालाच्या किमतीवर नाही, माल अधिक शिपिंग अधिक विमा या सगळ्यावर लागते, म्हणजे तुम्ही तीन दुकानांना शिपिंग दिलं तर त्या शिपिंगवरसुद्धा ड्यूटी भरता. मी बजेट करताना माल अधिक शिपिंग याची सरळ दुप्पट धरतो, त्यात बसत असेल तरच ऑर्डर, कमी लागलं तर आनंद. विक्रेत्याला गिफ्ट लिहून पाठव असं सांगू नका. एक तर ते खोटं, आणि डिसेंबर २०१९ पासून पोस्टानं-कुरियरनं येणाऱ्या मालाला गिफ्ट म्हणून ड्यूटी न भरता सोडवणं राखी आणि औषधं सोडून बंदच केलंय, पार्सल अडकलं तर तुमचं म्हणणं तिथंच संपतं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झालाय, सुट्या तुकड्यांच्या पिशवीवर तो कुठून असणार, म्हणून चार मित्रांची मिळून एका नावावर मोठी ऑर्डर मागवू नका. कोल्हापूर, निपाणी, गडहिंग्लजकडची आमची मंडळी अशी एकत्र ऑर्डर करूया म्हणतात, शिपिंग वाचतं हे खरं, पण पाच-सहा किलोचं पार्सल व्यापाराचा माल दिसायला लागतं. स्वतःच्या एका मॉडेलचं, स्वतःच्या नावाचं, बिलावर खरी रक्कम असलेलं पार्सल, मी एवढंच करतो.

वजनाचा अंदाज आधीच काढा. २×४ ब्रिक साधारण २.३ ग्रॅम, १×२ ब्रिक पाऊण ते एक ग्रॅमच्या दरम्यान. तुमची कापलेली यादी दीड किलोच्या आसपास येईल असं मला वाटतं. पत्ता लिहिताना पिन कोड आणि मोबाइल नंबर बिनचूक हवा, शहराचं नाव नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालंय तरी काही परदेशी साइटवर अजून जुनंच स्पेलिंग येतं, मी दोन्ही लिहितो आणि तालुका-गावाचा पत्ता न देता शहरातला देतो, कुरियरवाल्याला फोन करून वाट सांगत बसायला लागत नाही. आणि पैसे भरायच्या आदल्या दिवशी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून ठेवा, मार्च २०२० नंतरच्या नव्या कार्डांवर ते आपण चालू केल्याशिवाय होत नाहीत, आणि कार्ट भरून ठेवलं म्हणजे माल आपला झाला असं नाही, तेवढ्यात दुसरा कोणी त्याच पाचशे टाइल उचलू शकतो. जून ते सप्टेंबर मागवत असाल तर विक्रेत्याला आतून प्लास्टिकची पिशवी लावायला सांगा, ब्रिक्सना पाण्यानं काही होत नाही पण भिजलेला खोका फाटून तुकडे वाटेत सांडतात.

दुसऱ्या कंपनीचे ब्रिक्स चालतील का? कायद्यानं काही अडचण नाही, लेगोचं मूळ पेटंट १९५८ चं, ते कधीच संपलंय, आणि ब्रिकचा आकार हा ट्रेडमार्क होऊ शकत नाही हे युरोपच्या कोर्टानं २०१० मध्ये सांगितलंय. चांगले सुसंगत ब्रिक्स मिळतात आणि काही खरंच उत्तम आहेत. पण माझ्या धंद्यातली सवय म्हणून सांगतो, एक ब्रिक हातात घेऊन जोडून बघून काही कळत नाही. वीस ब्रिक एकावर एक दाबून उभा करा आणि व्हर्नियर कॅलिपरनं मोजा, वरची गुंडी सोडून १९२ मिलिमीटर यायला पाहिजे. मी एका स्वस्त पाकिटातले लावले तेव्हा १९३ च्या वर गेला. एका ब्रिकला पाच-सहा शतांश मिलिमीटर, बोटाला कधी जाणवणार नाही, पण भिंतीचा एक कोपरा या कंपनीचा आणि दुसरा त्या कंपनीचा असेल तर वर प्लेट बसताना डुगडुगते आणि आठ थरांवर दार अडकतं. तेव्हा मिसळू नका. पोटात भरायला दुसरे चालतील, पण भिंतीची दिसती चौकट पूर्ण एकाच कंपनीची, मग ती कुठलीही असो.

नग किती जास्तीचे घ्यायचे तेही सांगतो, कारण दोन तुकडे कमी पडले म्हणून परत शिपिंग भरणं हे सगळ्यात जिवावर येतं. १×१ आणि टाइल शेकडा दहा जास्त, ते पडतात, कॉटखाली जातात. भिंतीचे ब्रिक शेकडा पाच. महागडे आणि एक-दोन नगांचे तेवढेच. माल आला की मोजायला ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा वापरा, दहा नग वजन करून त्यावरून पूर्ण पिशवी मोजता येते, आणि कमी निघालं तर आठवड्याच्या आत फोटोसकट विक्रेत्याला कळवा, बहुतेक जण विनातक्रार पैसे परत करतात.

एक शेवटची गोष्ट, आणि तुमच्यासाठी ही सगळ्यात तातडीची. घर पाडायच्या आधी एका रविवारी टेप घेऊन जा. भिंतीची जाडी, जोत्याची उंची, वळचण भिंतीबाहेर किती येते, सोप्याचे खांब किती आणि किती फुटांवर, खिडकीला गज आडवे की उभे, हे सगळं आज्जीला शेजारी बसवून लिहून घ्या, म्हणजे कुठल्या खोलीला काय म्हणत होते आणि चूल कुठल्या कोपऱ्यात होती तेही कळेल. स्क्रीनशॉटमध्ये तुमचा सोपा सहा फूट खोल आहे, मला तो जरा कमी वाटतोय, कारण त्यात झोपाळा टांगलाय आणि सहा फुटांत झोपाळा हलत नाही. आधी तेवढं माप खरं करा, मग पहिली ऑर्डर फक्त सोप्याची द्या, दहा-बारा लॉट, एक दुकान. ते पार्सल हातात आलं, रंग दिवसाच्या उजेडात पटला, ड्यूटी किती बसली ते कळलं, की उरलेल्या घराची यादी इथं टाका, मी लॉट बघून देतो.